अर्ध्या बुंध्याचं माप

दौंड, ९ फेब्रुवारी

ती. आप्पा,

लांबूनच पाया पडतो. जवळ येऊन पडलो असतो, पण बांध ओलांडायची मनाई तुमचीच आहे. फोन तुम्ही उचलत नाही आणि तुमच्या मल्हारनं माझा नंबर बंद करून टाकलाय, म्हणून हे पत्र. पोस्टमनला बजावलंय, की आप्पांच्याच हातात द्या आणि द्यायच्या आधी वाचू नका. तो हसला. म्हणजे वाचणार.

परवा मांडवगणला चिंच झोडायला आलो होतो. यंदाची पाळी माझी. वाटणीत जमीन तुटली, जनावरं वाटली, विहिरीच्या पाण्याचे वार पडले, एक बांधावरची चिंच तेवढी सामाईक राहिली. एक वर्ष तुम्ही झोडायची, एक वर्ष मी. गडी वर चढले आणि मी खाली रिकामा. तुमच्या अंगणाकडं बघायचं नाही असं दर वेळी ठरवूनच येतो, पण डोळे कुठं ऐकतात? मल्हारनं नवी खोली काढलेली दिसली. चांगली काढलीय. सूनबाई हर्षदा बाळाला मांडीवर घेऊन दारात उन्हाला बसली होती. पण आप्पा, ती खोली झाडाच्या झुकत्या अंगाला, थेट मोठ्या फांदीखाली आलीय. झाड पहिल्यापासून तुमच्याकडंच कलतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

वेळ जाईना म्हणून टेंपोतली पेटी काढली. माझ्या पेटीबद्दल गावात काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. मोटरी वाइंडिंग करता करता पोपट झाडांचा डॉक्टर झाला म्हणतात. हसू द्या. पण पेटी काय करते ते तुम्हाला कुणी धड सांगितलं नसेल. पूर्वी जुन्या झाडाचं पोट बघायचं तर सुतार गिरमिटानं भोक पाडायचे. पोट कळायचं, पण त्याच भोकातून पाणी जाऊन झाड कुजायचं. स्नेहलनं इंजिनिअरिंगला असताना दुसरी तऱ्हा शिकून घेतली आणि आम्ही बापलेकीनं मिळून ही पेटी बांधली. बुंध्याभोवती सालीपुरते बारीक खिळे लावायचे. त्यांतून अगदी नरम वीज सोडायची, हाताला मुंगीएवढीसुद्धा लागणार नाही अशी. लाकूड त्या विजेला किती अडवतं ते मोजायचं. धडधाकट लाकूड बऱ्यापैकी अडवतं. कुजलेलं ओलं असतं, त्यात क्षार उतरलेले असतात, ते विजेला सरळ वाट देतं. आणि जिथं नुसती पोकळी तिथून ती जातच नाही. मोटरीचं वाइंडिंग ओल धरतं तेव्हा वीज गळते आणि ती मोजायच्या मेगरचा काटा पडतो, तसंच.

मात्र खिळ्यांचं कडं पुरं लागतं, सगळ्या बुंध्याभोवती. मी माझ्या बाजूला अर्धं कडं लावलं आणि थांबलो.

माझ्या बाजूनं झाड ठणठणीत आहे. तुमच्या बाजूचं मला सांगता येत नाही. एक सकाळ मला तिकडं येऊ द्या. खिळे लावीन, आकडे घेईन, निघून जाईन. चहासुद्धा मागणार नाही.

मुक्ता वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा,
पोपट


दौंड, १ मार्च

ती. आप्पा,

तुमचं उत्तर नाही, पण मल्हारचा फोन आला. कुणाच्या तरी नंबरवरून. काय बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो. तुम्हाला माहीत आहे, ऐकलेलं मी विसरत नाही.

“काका, झाड पाडायचा डाव हाय व्हय?”

“अरे, नुसतं बघायचं म्हणतोय.”

“मोजणीच्या टायमाला बी तुम्ही नुसतं बघायचंच म्हणला हुता. बघता बघता आमची दोन सऱ्या जागा गेली.”

“मल्हार, ते राहू दे. त्या खोलीत झोपतं कोण?”

“तुमच्या चिठ्ठीनं आमच्या घरात काय झालंय ते माझं मला म्हाईत,” असं म्हणून त्यानं फोन आपटला. आजकालचे फोन आपटता येत नाहीत, पण त्यानं आपटल्यासारखा आवाज काढला. तुमच्यावर गेलाय.

मोजणीचं निघालंच आहे तर बोलतो. मी सरकारी मोजणी आणली. आणली ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. दोन्ही घरांत पोरं मोठी होत होती. बांध दरसाल नांगराबरोबर इकडं-तिकडं सरकत होता. त्यांच्यात कज्जा होण्याआधी आपल्या हयातीत रेघ पडलेली बरी, असा माझा हिशेब. रेघ बरोबर चिंचेच्या बुंध्यातून गेली, त्याला मी काय करू? तेव्हा तुम्ही मोजणीवाल्यांसमोर म्हणालात, “भावाभावात फीत टाकली ह्यानं.” आणि बांध ओलांडायचा नाही म्हणून सांगितलंत. मी आजपर्यंत ओलांडला नाही. माझ्यात खोड असेल, पण शब्द पाळायची खोड आहे.

आता तुम्ही म्हणाल, तोच पोपट परत मोजायला आला. होय, आलोय. पण या वेळी जमीन मोजायची नाही.

परवा कोरेगाव भीमाजवळ एका शाळेच्या आवारातला वड तपासला. हेडमास्तर मला विचारतात, “झाडाला शॉक तर बसणार नाही ना?” म्हटलं, “सर, आधी तुम्ही हात लावून बघा, मग झाडाला विचारू.” पोरं अशी हसली की तास सुटला. तो वड चांगला निघाला. पारावर बसून पोरांनी डबे खाल्ले. मला सगळा वेळ आपली चिंच दिसत होती.

उत्तर दोन ओळींचं चालेल. नुसतं “ये” लिहिलंत तरी चालेल.

पोपट


दौंड, २३ मार्च

ती. आप्पा,

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. माझ्या बाजूनं झाड ठणठणीत आहे असं लिहिलं. तसं नव्हतं. आकडे पडत होते. वाईट पडत होते. मला वाटलं, एकदम लिहिलं तर तुम्ही म्हणाल घाबरवून झाड पाडून घेतोय. म्हणून आधी गोड लिहिलं. गिऱ्हाइकाला मोटर पुरी जळलीय हे मी कधीच पहिल्या वाक्यात सांगत नाही. आधी चहा पाजतो. तीच सवय इथं नडली.

काय झालं ते ऐका. माझ्या बाजूच्या खिळ्यांवर वीज जितकी अडायला हवी तितकी अडत नव्हती. मला वाटलं माझंच काही चुकलं. मग स्क्रूड्रायव्हर काढला. दौंडला स्टेशनमागं इमाम मिस्त्रींच्या हाताखाली काम शिकलो तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट ही शिकवली होती. चालू मोटरीवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, बेअरिंग कुठं खातंय ते कानाला कळतं. त्याच कानावर मी धंदा उभा केला. तर मी बुंध्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि गड्याला वरच्या बाजूला हातोडीनं ठोकायला लावलं. आवाज भरीव आला. चांगला भरीव, पोकळ नाही. म्हणजे माझ्या बाजूचं लाकूड शाबूत. मग वीज सुटते कुठं? पलीकडं. तुमच्या बाजूला, खोलीकडच्या अंगाला. असा मी हिशेब लावला.

स्नेहलला आकडे दाखवले, तर ती माझ्यावरच उखडली.

“पप्पा, अर्ध्या बुंध्याचं माप घेऊन दोष दुसऱ्याच्या अंगाला ढकलायचा, ही कुठली पद्धत?”

“अगं, आवाज भरीव होता.”

“कुजलेलं लाकूड पाण्यानं भरलं असेल तर ते पण भरीव वाजतं. तुमचा कान चांगला आहे हो, पण कानाला ओल ऐकू येत नाही. पूर्ण कडं लावल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही.”

आणि मग मला न विचारता ती तुमच्याकडं आली. ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही फाटकात उभे राहून तिला म्हणालात, “ये, चहा पी. ती पेटी मातर फाटकाबाहेर ठिव.” पेटी बाहेर ठेवून ती आत आली. वहिनींनी पोहे केले, हर्षदानं बाळ तिच्या मांडीवर दिलं. जाताना तिनं परत विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “मोजून काय हुतंय, पोरी? तुझ्या बापानं एकदा मोजलं, तवा भाऊ गेला. आता मोजलं तर झाड जाईल. मग ऱ्हाईलं काय?”

स्नेहल मला हे सांगत होती तेव्हा दुकानात दोन मोटरी चाचणीला लावल्या होत्या. मी दोन्ही बंद केल्या. तिला परत एकदा सांगायला लावलं.

आप्पा, मला वाटत होतं की झाड राखायचा तुमचा हट्ट म्हणजे माझ्यावरचा राग आहे. चिंच झोडायला मी येतो, त्या दिवशी तुम्ही गोठ्याच्या दारात दिवसभर दावं वळत बसता, पाठ माझ्याकडं करून. एवढं दावं तुम्हाला लागतं कशाला, असं मी गड्यांना चेष्टेनं म्हणायचो. तुमच्या पाळीच्या वर्षी मला मांडवगणच्या शिवारात काही काम नसतं, तरी त्या दिवसांत मी एक फेरी मारतो, पंप बघायचं निमित्त काढून. झाड गेलं तर दोघांचीही निमित्तं संपतात, हे मलाही कळतं.

पण त्या झाडाखाली लेकुरवाळी निजते. हे दोन्ही एका तागडीत कसं घालायचं?

पोपट


दौंड, १७ एप्रिल

ती. आप्पा,

हे पत्र गोड नाही.

काल दुपारी इथं वावटळ उठली. स्टेशनबाहेरच्या गुलमोहराची फांदी रिक्षावर पडली. रिक्षात कोणी नव्हतं. रिक्षावाला समोर रसाच्या गाडीवर उभा होता, त्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. मी दुकानाच्या पायरीवर होतो. फांदी मोडायच्या आधी कर्रकन एक बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकल्यावर पळायला जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात तान्हं बाळ उचलून होत नाही.

आता वळवाचे दिवस. तुम्ही मला येऊ देत नाही, उत्तर देत नाही. म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या.

पहिली. चिंचेतला माझा अर्धा हिस्सा मी सोडला. फळ, फांद्या, सरपण, बुंध्याचं लाकूड, सगळं तुमचं. म्हणजे पोपट लाकडावर डोळा ठेवून बोलतो असं मल्हारला म्हणता येणार नाही. हे मी मनापासून लिहितोय आणि लिहिताना हात जड झालाय. हसायचं तर हसा.

दुसरी. येत्या सोमवारपर्यंत तुमचा होकार आला नाही तर मी शिरूरला जाऊन कचेरीत अर्ज देणार. धोकादायक झाड, खाली राहती वस्ती. मला तिथं सगळे ओळखतात, अर्धे तर माझ्याकडूनच मोटरी भरून नेतात. अर्ज दाबला जाणार नाही. मला हेही कळतं, की मी परत एकदा आपल्या दोघांत कचेरीचा माणूस आणतोय. मागच्या वेळी माझ्याजवळ कारण होतं, तरी तुम्ही गेलात. या वेळी बाळ आहे. तुम्ही कायमचे गेलात तरी मी अर्ज देणार.

एकदा “ये” म्हणा. मला अर्ज द्यायला लावू नका, आप्पा.

पोपट


दौंड, ४ मे

ती. आप्पा,

तुमचा होकार आला नाही. सोमवारी मी शिरूरला गेलो आणि अर्ज दिला.

गुरुवारी हर्षदा दुकानात आली. बाळाला टोचायला दौंडला आणलं होतं, मल्हार गाडी लावायला गेला होता, तेवढ्यात ही पायरी चढली. मी खुर्ची पुसून दिली. बाळ माझ्याकडं टक लावून बघत होतं, नाक थेट आपल्या वडिलांचं, तात्यांचं. मी म्हटलं, “सूनबाई, एवढं ऐक, त्या खोलीत निजू नको.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “काका, त्या खोलीत कुणीच निजत न्हाई. तुमची पहिली चिठ्ठी आली ना, त्याच दिवशी आप्पांनी आमची खाट बाहीर काढली आन् खोलीत कडबा भरला.”

“नव्या खोलीत कडबा?”

“टाइल्सवर! आमचं हे तर दोन दिस जेवलं न्हाईत. आप्पा म्हणलं, कडब्याला बी सावली लागती.”

“पण पहिल्या पत्रात तर मी झाड ठणठणीत आहे असं लिहिलं होतं.”

“मीच वाचून दाखिवलं की. आप्पांना आता अक्षर दिसत न्हाई, डोळ्यात मोतीबिंदू हाय. सगळ्या चिठ्ठ्या मीच वाचती, दोन-दोन येळा. ती पहिली ऐकून आप्पा म्हणलं, पोपट पेटी उगं काढायचा न्हाई. गोड बोलतोय म्हंजी कायतरी बिघाडलंय.”

मी विचारलं, “मग मला एका शब्दानं कळवायचं नाही का? मी इथं रोज वारं मोजत बसलोय.”

तिनं बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, “मी म्हणलं हुतं, लिहू का काकांना, झाडाखाली आता कुणी न्हाई म्हणून. तर आप्पा म्हणलं, नको. कळीवलंस तर लिहायचा थांबंल.”

मल्हार आला, माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत उभा राहिला आणि ती गेली.

म्हणजे हे पत्रही हर्षदाच वाचणार. हर्षदा, इथं जरा थांब. आप्पांना पाणी दे आणि मग पुढचं वाच.

आप्पा, मी त्याच दिवशी दुकान बंद केलं आणि अर्ज मागं घ्यायला शिरूरला गेलो. कारकून म्हणाला, “मागं घेता की. पण झाड धोक्याचं हाय हे तुम्हीच लिहून दिलंय पोपटराव. ते आता आम्हाला कळलंय. कळलेलं मागं कसं देऊ?” बरोबर बोलला. मी त्याच्या जागी असतो तरी हेच बोललो असतो. त्यांना पुऱ्या बुंध्याचा अहवाल हवाय, आणि त्या तपासणीला दोन्ही हिस्सेदारांची संमतीची सही. मी हिस्सा सोडला म्हटलं, तर म्हणाले पत्रात सोडलेलं कागदावर धरत नाहीत.

तुमच्याकडं सहीला कागद येईल. तुमचा माझ्यावर राग असेल. मी अर्ज दिला त्याबद्दल माफी मागत नाही, कारण तेव्हा मला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर मी तेच केलं असतं. पण तुम्ही वाट बघत होता हे मला माहीत नव्हतं. मला कान आहेत म्हणून मी मिरवतो, आणि तुम्ही गप्प बसला होता ते मला ऐकू आलं नाही.

सही करायची की नाही ते तुमच्यावर. नाही केलीत तर खोलीत कडबाच राहू द्या.

पोपट


दौंड, १९ मे

ती. आप्पा,

तुम्ही तिथंच होता, सगळं डोळ्यांदेखत झालं. तरी लिहितो. तोंडावर बोलायला गेलो की मी विनोद करतो आणि तुम्ही दावं वळता. शिवाय आता मला माहीत आहे, की पत्र दोनदा वाचलं जातं.

तुम्ही सही केली हे मल्हारनं कळवलं, स्वतःच्या नंबरवरून. “आप्पा म्हणत्यात रविवारी सकाळी या. पेटी घिऊन,” एवढंच. मी फाटकातून आलो नाही, बांधावरून आलो. मला बघायचं होतं, पाय कसा पडतो ते. पाय नेहमीसारखाच पडला. पलीकडची माती पण तीच.

स्नेहल खिळे लावत होती आणि तुमच्या बाजूला वायर धरायला कोणी नव्हतं. मल्हार लांब उभा होता, हाताची घडी घालून. तुम्ही पुढं झालात.

“शॉक बसंल का रं?”

“बसला तर मला सांगा, आप्पा.”

“तुला सांगून काय हुनार. तू बिल लावशील.”

एवढ्या वर्षांनी तुमचं माझ्याशी झालेलं हे पहिलं बोलणं. मुक्ता वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या की काय, ते मी मुद्दाम बघितलं नाही.

पुरं कडं लागलं. स्नेहलच्या टॅबवर बुंधा उमटला, आडवा कापल्यासारखा गोल. निळं ते चांगलं, लाल ते कुजलेलं, असं तिनं तुम्हाला समजावलं. तुम्ही तोंड पार काचेला लावलंत, तरी दिसेना. मला विचारलंत, “लाल कुणाच्या अंगाला हाय?”

मार्चमध्ये मी तुम्हाला लिहिलं होतं, की दोष तुमच्या बाजूला आहे. माझ्या कानाला भरीव लागलं होतं ना. काचेवर तुमची बाजू निळी होती, जाड, नीट. लाल होतं ते माझ्या अंगाला, सालीच्या जरा आत, मुळापासून छातीपर्यंत चढलेलं.

“माझ्या,” मी म्हटलं.

“आन् झाडाचा भार?”

“तुमच्या अंगाला. कलतं झाड मागच्या बाजूनं धरून ठेवलेलं असतं, आप्पा. रस्सीखेचीत सगळ्यात मागचा गडी धरतो तसं. तो मागचा गडीच गेलाय. झाड सुटलं तर तुमच्या खोलीवरच येणार.”

मल्हारच्या हाताची घडी सुटली. तो जवळ आला आणि टॅबमध्ये बघत राहिला. मला वाटलं, आता हा मोजणीपासूनचं सगळं काढणार. काढलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. तो म्हणाला, “आप्पा, काका म्हणत्यात ते खरं हाय. ह्यांच्या बाजूला हाय.” तेवढंच.

स्नेहलला मी विचारलं, “नुसत्या फांद्या हलक्या करून भागणार नाही का?” तिनं परत एकदा आकडे बघितले. बघायची गरज नव्हती, माझ्यासाठी बघितले. मान हलवली.

तुम्ही बुंध्याला हात लावून उभे होता. म्हणालात, “तुझ्या अंगाला कुजलं, माझ्या अंगाला भारावलं. मंग दोघांचंच झालं की. पाडू.”

अहवाल शिरूरला दिला, परवानगी आली, मग पाडायला यंत्र आणलं, गडी आणले, आधी मोठी फांदी दोरानं बांधून उतरवली. तेव्हा तुम्ही खोलीतला कडबा हलवायला लावलात, आणि मीही चार पेंढ्या उचलल्या. वहिनी दोनदा म्हणाल्या, “भावजी, बसा वो.” मी बसलो नाही. बसलो असतो तर झाडाकडं बघावं लागलं असतं. ऐकायला मात्र आलंच. करवत तुमच्या बाजूनं शिरली तेव्हा कण्हत, अडत चालली होती, कसदार लाकूड कापताना चालते तशी. माझ्या बाजूला आली आणि एकदम मोकळी पळाली. आत अडवायला काही नव्हतंच. ओला भुसा माझ्या वावरात उडत होता. मला त्या आवाजानं मान खाली घालावी लागली. माझी अर्धी चिंच इतकी वर्षं मी झोडत होतो, आणि ती आतून माझ्याच अंगाला संपत आलेली मला कळली नाही.

झाड गेल्यावर आभाळ एकदम मोठं झालं. बाळ खाटेवर उघड्यावर हातपाय झाडत होतं, त्याच्या तोंडावर ऊन आलं म्हणून हर्षदानं छत्री धरली. बांधावर नुसता खोडाचा बुडखा राहिला. मोजणीची रेघ त्या बुडख्यातून जाते, पण आता तो जमिनीबरोबर आहे. एक पावसाळा गेला की गवत चढेल आणि तोही दिसणार नाही.

मी तुम्हाला विचारलं, “आप्पा, इथं हद्दीचा दगड लावायला पाहिजे. झाड होतं तोवर खूण होती. लावू का?”

तुम्ही टोपी काढून घाम पुसलात आणि म्हणालात, “कशाला?”

मी टेंपोकडं वळलो. तुम्हाला वाटलं असेल, पोपट दमला. खरं कारण लिहितो, हर्षदा, हे जरा मोठ्यानं वाच. दगड मी बरोबर आणलाच होता. घडवून घेतलेला, टेंपोत, पोत्याखाली. तुमचं ते ऐकून पोतं तसंच राहू दिलं आणि दगड दौंडला परत घेऊन आलो. दुकानाच्या दारात टाकलाय. येणारी-जाणारी माणसं त्यावर बसून चहा पितात.

पोपट